पांढऱ्या पायांच्या आरोपाचे सविस्तर खंडन

मंगळवार पेठ, कोल्हापूर
गुरुवार, सकाळ

व्याहीसाहेब श्रीयुत अमरसिंहराव यांस,

सादर नमस्कार. आमच्याकडे सर्व क्षेम आहे आणि आपल्याकडेही ते तसेच असावे, असे गृहीत धरतो. (गृहीतकाला पुरावा लागत नाही. परंतु सूनबाई तेजस्वीकडून आपल्या उजव्या गुडघ्याविषयी जे कळले, त्यावरून हे गृहीतक थोडे सैल करावे लागेल असे दिसते.) विहीणबाईंचा खोकला एव्हाना ओसरला असेल. आमची सौ. कालिंदी तिच्या काढ्याची बाटली तेजस्वीबरोबर धाडत आहे. तो काढा घेतल्याने खोकला बरा होतो, की तो पुन्हा घ्यावा लागू नये म्हणून रुग्णच खोकणे थांबवतो, याचा निर्णय माझ्याच्याने गेल्या चाळीस वर्षांत झालेला नाही. आपल्या उसाला या वर्षी तोड वेळेवर मिळाली, हे ऐकून समाधान वाटले.

रिक्षाने वीस मिनिटांवर राहणाऱ्या माणसाला पत्र कशाला, असे आपण विचाराल. त्याचे कारण असे की फोनवर कोणताही युक्तिवाद तडीस जात नाही. मी पूर्वपक्ष मांडून उत्तरपक्षाकडे वळतो न वळतो, तोच आपण "बरं, जेवण झालं का?" असे विचारता, आणि मला नाइलाजाने दोडक्याच्या भाजीविषयी बोलावे लागते. शिवाय आमच्या घरात माझा फोन कायम स्पीकरवर असतो. (हा कालिंदीचा आग्रह. तिच्या मते मला ऐकू येत नाही. माझ्या मते मला ऐकू येते, मी उत्तर देत नाही.) प्रस्तुत विषय मात्र अखंड आणि लेखी मांडला गेला पाहिजे.

विषय असा. येत्या रविवारी फुटबॉल चषकाचा अंतिम सामना आमचे रणशिंग तालीम मंडळ आणि आपले बिजली तरुण मंडळ यांच्यात आहे, हे आपल्याला सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या कसबा बावड्यातील म्हशींनाही ते ठाऊक असेल. आपल्याला जे ठाऊक नसेल ते हे, की या सामन्यास मी आमच्या स्टँडमध्ये येऊ नये, अशी विनंती रणशिंग मंडळाने मला केली आहे. माझे पाय पांढरे आहेत, हे त्या विनंतीचे कारण. १९७१ पासून रणशिंगचा एकही अंतिम सामना मी चुकवलेला नाही. (असे सामने एकूण चार. यात दोष संघाचा आहे, माझा नाही.) त्या चारांपैकी आपण जिंकलो किती, असा प्रश्न मंडळाचा अध्यक्ष सयाजी याने मला विचारला. तो प्रश्न येथे अप्रस्तुत आहे.

ज्याने चौतीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले, त्याच्यावर त्याच्याच पेठेने हा आरोप करावा, याचे मला दुःख झालेले नाही. मला त्यातील पद्धतीचा दोष सहन होत नाही, एवढेच. (मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्याच वर्षी महाविद्यालयाने तो विषय बंद केला. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही, असे प्राचार्यांनी मला निरोपसमारंभात आगाऊच सांगितले होते.) म्हणून घटनाक्रम जसा घडला तसा मांडतो. निर्णय आपण करावा. आपण प्रतिपक्षाचे आहात, त्यामुळे माझ्या बाजूने पक्षपात करण्याचा संशय तरी आपल्यावर कोणी घेणार नाही.

मोसमाच्या पहिल्या सामन्याआधी पेठेतील एखाद्या ज्येष्ठाने आपल्या गोलपाशी नारळ वाढवावा, ही मंडळाची प्रथा आपण जाणताच. या वर्षी तो मान मला मिळाला. त्यानिमित्त तालमीच्या कोपऱ्यावर फलकही लागला. त्यावर 'मार्गदर्शक' या शब्दाखाली माझे छायाचित्र होते आणि त्या छायाचित्रात मी गॉगल घातला होता, जो मी आयुष्यात कधी घातलेला नाही. असो. मैदानात उतरल्यावर मी एवढेच विचारले की नाणेफेक होण्यापूर्वी 'आपला गोल' कोणता, हे कसे ठरते? ज्याचे स्वामित्व अद्याप निश्चित झालेले नाही, त्यास 'आपला' म्हणणे म्हणजे साध्यालाच हेतू मानणे. या मुद्द्यावर मी फार तर सात-आठ मिनिटे बोललो असेन. तोवर नाणेफेक झाली, पंचाने शिट्टी तोंडात धरली, आणि प्रेक्षकांतून "ओ मास्तर, तास संपला की!" अशा सूचना येऊ लागल्या. मग असे आढळले की नारळ फोडायचा दगड तालमीतच राहिला आहे. सयाजीने सुचवले की नारळ गोलच्या खांबावर आपटावा. तो खांब सार्वजनिक मालमत्ता आहे, हे मी त्याच्या निदर्शनास आणले आणि नारळ जमिनीवर आपटला.

मैदानावर आदल्या दिवशी पाणी मारले होते. नारळ फुटला नाही. त्याने एक टप्पा घेतला, माझ्या चपलेला लागून दिशा बदलली, आणि गोलरेषा ओलांडून सावकाश जाळ्यात जाऊन विसावला. पलीकडच्या स्टँडमधून सात-आठ हजार कंठांनी "गोऽऽल!" अशी आरोळी ठोकली. मोसमातील पहिला गोल नारळाने केला आणि तो आमच्यावर झाला, ही वस्तुस्थिती मी नाकारत नाही. त्यानंतर तो सामना आम्ही एक-शून्य असा हरलो आणि तो एक गोलही आमच्याच बचावपटूच्या पायाला लागून आत गेला, हेही मी नाकारत नाही. परंतु नारळानंतर घडले ते नारळामुळे घडले, असे म्हणणे हा इतका प्राथमिक दोष आहे, की मी तो पहिल्या सहामाहीतच शिकवून मोकळा होत असे. (सयाजी माझ्या वर्गात दोन वर्षे होता, एक वर्ष अभ्यासक्रमाप्रमाणे आणि एक वर्ष निकालाप्रमाणे.)

दुसऱ्या सामन्यास मला पोहोचायला उशीर झाला. मी आलो तेव्हा आम्ही दोन-शून्यने पुढे होतो. मी जागेवर बसून चष्मा पुसत होतो, त्या अवधीत एक गोल झाला. चष्मा लावला तोवर दुसरा झाला. सामना बरोबरीत सुटला. मी दोन्हींपैकी एकही गोल पाहिलेला नाही. जी घटना मी पाहिलीच नाही तिचे कारण मी कसा, असे मी सभोवारच्यांना विचारले. माझ्या मागे बसलेल्या, वांग्याच्या रंगाचा आमचा जांभळा शर्ट घातलेल्या एका गृहस्थाने उत्तर दिले, "बघितलं न्हाई तर ही गत, बघितलं असतं तर काय झालं असतं?" हे उत्तर तर्कदृष्ट्या निरर्थक आहे, पण त्यावर भोवतालची माणसे हसली, आणि हशाला आपल्याकडे पुरावा मानतात.

तिसऱ्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला आम्हांला पेनल्टी मिळाली. गोलकीपर ठेंगणा, चेंडू मारणारा आमचा सर्वोत्तम खेळाडू, आणि वारा पाठीमागून. या तीन आधारविधानांवरून मी शेजाऱ्यास केवळ इतकेच म्हणालो की, "हा गोल होणे तर्कतः अपरिहार्य आहे." चेंडू गोलवरून, स्टँडवरून आणि भिंतीवरून रस्त्यावर जाऊन एका भेळेच्या गाडीवर पडला. भेळवाल्याने तो परत देण्यापूर्वी चिंचेच्या पाण्याची भरपाई मागितली. पुन्हा बरोबरी. त्या संध्याकाळी तालमीच्या फलकावरील माझ्या चेहऱ्यावर एका इच्छुक उमेदवाराच्या वाढदिवसाचा कागद चिकटवण्यात आला. गॉगल मात्र वरून अर्धा दिसत राहिला.

चौथ्या सामन्याच्या दिवशी माझी दाढ काढायची होती, म्हणून मी गेलो नाही. पाच-शून्य. आणि येथे, अमरसिंहराव, मला एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. दुसऱ्या दिवशी माझा गाल सुजलेला असताना सयाजी पेढे घेऊन घरी आला, जोडे बाहेर काढून अदबीने खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "सर, रागावू नका. तुमी आला, हरलो. तुमी आला, बरोबरी. परत आला, परत बरोबरी. तुमी दाढंला गेला, पाच-शून्य! आता हे असं मांडायला आमाला शिकवलं कुणी?" ज्याला दोन वर्षांत अन्वय (असता घडते) आणि व्यतिरेक (नसता घडत नाही) यांतील भेद सांगता आला नाही, त्या विद्यार्थ्याने आयुष्यात एकदाच ती पद्धत बिनचूक वापरली, आणि ती माझ्याविरुद्ध वापरली. मला बोलता येत नव्हते (दाढ). त्याने माझ्या मौनाचा अर्थ संमती असा घेतला, पाया पडला, आणि उपांत्य सामन्यास मी घरी बसेन असे पेठेत जाहीर करून टाकले.

मी घरी बसलो. स्टेडियमचा आवाज आमच्या गच्चीपर्यंत स्वच्छ येतो. त्या गर्जनांची लांबी, उंची आणि त्यांमागून येणारी शांतता यांवरून मी अनुमान केले की आम्ही तीन-एकने हरत आहोत. सामना संपल्यावर मी सदरा घालून, सांत्वनाची तीन-चार वाक्ये मनात जुळवून, तालमीकडे निघालो. कोपऱ्यावरच हलगीचा आवाज आणि गुलालाचा ढग यांनी मला गाठले. दोन-शून्य; आम्ही जिंकलो होतो. मी ज्यास हाहाकार समजलो, तो आमच्या दुसऱ्या गोलचा जल्लोष होता. मला पाहताच मिरवणूक क्षणभर थबकली. मग कोणीतरी ओरडले, "तात्या घरातच हुते रं! तात्यांना उचला!" आणि घरी बसून दाखवल्याबद्दल मला खांद्यावर घेण्यात आले. चौतीस वर्षांच्या सेवेत माझा इतका मोठा सत्कार कधी झाला नव्हता.

आता खंडन. पहिला मुद्दा असा की पाच उदाहरणांवरून व्याप्ती, म्हणजे सार्वत्रिक नियम, सिद्ध होत नाही. मी १९७१ पासून सुमारे साडेतीनशे सामने पाहिले. त्यांतील कित्येक आम्ही जिंकलो. त्या विजयांचे श्रेय माझ्या पायांना देण्यास कोणी आल्याचे मला आठवत नाही. दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. या अनुमानात उपाधी आहे, म्हणजे खरे कारण दुसरेच आहे आणि ते माझ्या अनुपस्थितीच्या आड लपले आहे. ते खरे कारण म्हणजे गोव्याचा पाहुणा.

हा खेळाडू या वर्षी आम्ही बाहेरून आणला. (पेठेत त्याला सगळे 'पावणं' म्हणतात. त्याचे नाव मंडळाच्या चिटणिसालाही अर्ज भरतानाच आठवते.) आला तेव्हा तो विंगर होता; काठीसारखा सडपातळ, वाऱ्यासारखा चपळ. परंतु परगावचा मुलगा एकटा राहतो, ही कल्पना आमच्या पेठेस सहन होत नाही. सकाळी कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेले म्हशीचे धारोष्ण दूध, दुपारी एका घरी पांढरा रस्सा, रात्री दुसऱ्या घरी तांबडा. आमच्या कालिंदीने, जी फुटबॉल हा खेळ पायाने खेळतात याविषयी आजही साशंक आहे, तिनेही त्यास दोन वेळा पुरणपोळी घातली. "पावणं, आनी एक घ्या की!" या वाक्यापुढे त्याचे 'नको' टिकले नाही. दुसऱ्या सामन्यापर्यंत तो विंगरचा मधल्या फळीत आला, तिसऱ्यापर्यंत बचावात. चौथ्या सामन्याआधी धावणे हा विषयच मागे पडल्यामुळे त्यास गोलकीपर करण्यात आले, आणि त्या क्षणापासून आमच्यावर एकही गोल झालेला नाही. याचे कारण उघड आहे. चौकटीत चेंडू जाण्याइतकी मोकळी जागाच उरलेली नाही. पाच-शून्य आणि दोन-शून्य यांतील दोन्ही शून्यांचे श्रेय पेठेच्या पाहुणचाराचे आहे. मी हे सयाजीस आकृती काढून समजावले. तो म्हणाला, "बरोबर हाय सर, पन पावणं जाग्यावर बसलं ते तुमी जाग्यावरनं उठल्यावरच की!"

वृत्तपत्रांकडून काही मदत होईल, ही आशा मी केव्हाच सोडली आहे. आमच्या स्थानिक क्रीडापानाचा मी नित्य वाचक आहे आणि ते पान तर्कशास्त्राच्या पेपरात दोषस्थळे ओळखण्यासाठी जसेच्या तसे देता येईल. गेल्याच आठवड्यात 'एकतर्फी लढतीत निसटता विजय' असा मथळा होता. लढत एकतर्फी असेल तर विजय निसटता नव्हे. विजय निसटता असेल तर लढत एकतर्फी नव्हे. त्याखाली 'गोलशून्य बरोबरीत बिजलीचा विजयी जल्लोष' असेही वाचले (हा आपल्या संघाचा विषय असल्याने अधिक बोलत नाही). सोळाच्या सोळा संघ 'बलाढ्य' असतात, मग हरतात कोण? मी संपादकांना या मोसमात सात पत्रे लिहिली. एक छापले, तेही निम्मे, 'घरगुती उपाय' या सदराच्या शेजारी, आणि त्याला शीर्षक दिले, 'ज्येष्ठांनाही फुटबॉलचे वेड!'

अभिराम मला म्हणतो की बाबा, एवढा ताप कशाला, टीव्हीवर क्रिकेट बघा. आपल्या जावयाचा हा सल्ला सदिच्छेचा आहे, पण ज्या खेळात खेळाडूंचा दर काही वर्षांनी लिलाव होतो आणि कालचा प्रतिस्पर्धी आज आपला कर्णधार असतो, त्यात कोणाच्या बाजूने बसावे, हेच मला कळत नाही. आमच्या पेठेत खेळाडूने संघ बदलला, तर त्याच्या आईला बाजारात भाजी घेताना कोणी कोथिंबिरीची काडी वर घालत नाही. याला निष्ठा म्हणतात. मी तिचे समर्थन करत नाही, पण व्याख्या तरी स्पष्ट आहे.

घरातील परिस्थिती अशी आहे. कालिंदी म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांचं कसं चुकतंय ते सिद्ध केलंत, आता एक रविवार गप घरात बसा." माझ्या उपस्थितीचा आग्रह धरणारी या घरातील एकमेव व्यक्ती म्हणजे आपली कन्या. कालच बँकेतून आल्या आल्या ती म्हणाली, "तात्या, तुम्ही कुणाचं ऐकू नका. अगदी पुढच्या रांगेत, रणशिंगवाल्यांच्या मधोमध बसा. मी सोडते की तुम्हाला स्कूटीवरनं!" सून मायाळू आहे, यात शंका नाही. परंतु तिच्या पर्सला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे बिजलीचे गोंडे लावलेले आहेत, हेही मी त्याच वेळी पाहिले.

तात्पर्य, रविवारी मी घरी बसणार आहे. आरोप खोटा आहे, पण तो खोटा आहे हे सिद्ध करण्यासाठी मैदानात गेलो आणि संघ हरला, तर पेठेतील दोन हजार माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहण्याचे धैर्य मला नाही. हे तर्काला धरून नाही, हे मला ठाऊक आहे. गच्चीवर एक खुर्ची आणि पाण्याचा तांब्या ठेवायला सांगितले आहे. गर्जनांवरून निकाल काढण्याची माझी पद्धत या वेळी अधिक काटेकोर असेल. या वयात अंतिम सामना पुन्हा कधी दिसेल हे सांगता येत नाही, कारण आमचा संघ साधारण बारा-तेरा वर्षांनी तेथे पोहोचतो आणि मी शहात्तर वर्षांचा आहे. हे गणित मी मुद्दाम पूर्ण केलेले नाही. माझी काही तक्रार नाही.

विहीणबाईंना नमस्कार. गुडघ्यास तेल चोळावे, जिना टाळावा, आणि स्नेह आहे तो कोणत्याही पिवळ्या-जांभळ्या कारणाने उणा होऊ देऊ नये, इतकेच मागणे.

आपला,
तात्या

ता. क. (गुरुवार, दुपार) : तेजस्वीकडून असे समजते की बिजली मंडळाचे सल्लागार या नात्याने आपल्याला आपल्या बाजूच्या स्टँडचे दोन पास मिळतात. त्यांतील एखादा रिकामा राहणार असेल, तर तो वाया जाऊ नये, असे एक तटस्थ नागरिक म्हणून वाटले. मंडळाने मला रणशिंगच्या स्टँडमध्ये येऊ नये असे सांगितले आहे. स्टेडियममध्ये येऊ नये, असा शब्दशः उल्लेख त्या विनंतीत नव्हता. मी पांढरा सदरा घालून येईन. आवश्यकता पडल्यास पिवळा मफलर घालण्याची तयारी आहे. मी राधानगरीचा आपला दूरचा नातेवाईक, असे आपण सांगितल्यास मी ते खोडून काढणार नाही.

ता. क. दुसरा (शुक्रवार, सकाळ) : काल संध्याकाळी सयाजी येऊन गेला. वरील मजकूर तो येण्यापूर्वीचा आहे, हे आपण कृपया ध्यानात घ्यावे. (शाईवरून पडताळता येईल, त्यानंतर मी पेन बदलले.) मंडळाच्या बैठकीत एकमताने ठरले आहे की मी रविवारी बिजलीच्या स्टँडमध्ये बसावे. जाण्या-येण्याची रिक्षा मंडळाची. म्हणजे ज्या पायांनी आजवर आमचे नुकसान केले, त्यांनी आता आपले करावे! मी संतापलो नाही. मी त्यास तासभर शांतपणे समजावले की जर मी आमच्या पराभवाचे कारण नसेन, तर आपल्या पराभवाचेही होऊ शकत नाही. पायांना रंग असला तरी तो फळ देत नाही. आणि खुर्चीची जागा बदलल्याने चेंडूची दिशा बदलत नाही. त्याने प्रत्येक मुद्द्यास मान डोलावली, दोन ठिकाणी "वा" म्हणाला, आणि शेवटी उठताना म्हणाला, "पटलं सर. शंभर टक्के पटलं. पन बसायला काय जातंय?"

अमरसिंहराव, मी रात्री बराच विचार केला. या प्रश्नास तर्कशास्त्रात उत्तर नाही.

ता. क. तिसरा (शुक्रवार, दुपार) : माझा हेतू आपल्यापासून लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, म्हणून तो वर सांगितला. आता आपण पास नाकाराल, हे संभवते. परंतु पुढील युक्तिवाद पाहावा. आपण एकतर पांढऱ्या पायांवर विश्वास ठेवता, किंवा ठेवत नाही. ठेवत नसाल, तर मला शेजारी बसवून घेण्यात आपल्या संघास कसलाही धोका नाही, पास द्यावा. ठेवत असाल, तर अभिराम-तेजस्वीच्या लग्नात मुहूर्त पाहण्यास साफ नकार देऊन, "आमच्यात कारखान्याला सुट्टी असते तोच मुहूर्त," असे भर बैठकीत जे आपण म्हणालात, ते मागे घ्यावे लागेल. आणि ते मागे घेण्यापेक्षा पास देणे आपल्या स्वभावास सोपे जाईल. म्हणजे दोन्ही पक्षी पास द्यावा, हेच निष्पन्न होते. यातून सुटण्यास तिसरी वाट नाही. मी सकाळपासून शोधली.

ता. क. चौथा (शुक्रवार, संध्याकाळ) : पत्र पाकिटात घालण्यापूर्वी तेजस्वीने ते मागून घेऊन वाचले. तिसऱ्या ताज्या कलमापर्यंत आली आणि हसत हसत जमिनीवरच बसली. "अहो तात्या, पास कुणाला मागताय? आमच्या आबांना त्यांच्या मंडळाच्या पोरांनीच घरात बसवलंय! आबा गेले की बिजली हरती म्हणून क्वार्टर फायनलपासनं त्यांना गेटच्या आत घेतलं न्हाई. दोन्ही पास कपाटात पडून हायत. मम्मीनं मला शप्पथ घातलीया, मंगळवार पेठेत बोलायचं न्हाई म्हणून." शपथ मोडल्याबद्दल तिला आपण रागावू नये. गुडघा दुखतो म्हणून आपण मागचे दोन सामने चुकवले, असे मला जे सांगण्यात आले होते, त्याविषयी मीही काही बोलत नाही.

आपल्या संघाने हा आरोप कोणत्या पुराव्यावर केला, हे मला ठाऊक नाही. जाणून घेण्याची आवश्यकताही नाही. त्याचे खंडन वरील आठ पानांत आहे. नावे आणि रंग बदलून ते आपण जसेच्या तसे आपल्या मंडळापुढे वाचून दाखवू शकता. अर्थात त्याने काही होणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी. रविवारी मी आपल्या पासावर बिजलीच्या स्टँडमध्ये बसतो. आपण माझ्या जागेवर, रणशिंगच्या स्टँडमध्ये, डावीकडून तिसऱ्या रांगेच्या टोकाला बसावे. तेथे गुडघा लांब करण्यास जागा आहे. सयाजीला यातील अक्षर कळू नये. तेजस्वी आपल्याला आधी सोडेल आणि मग मला. ती दोन्ही संघांशी सारखीच बेइमान होण्यास तयार झाली आहे. आपले पाय आमच्यात आणि माझे आपल्यात, अशी व्यवस्था झाली म्हणजे दोन्ही परिणाम परस्परांस खोडून टाकतील, आणि माझ्या आठवणीत प्रथमच या गावातील एखाद्या सामन्याचा निकाल केवळ खेळाडूंच्या हाती राहील. त्यांना तो पेलवेल की नाही, याची मात्र मला काळजी वाटते.